रस्त्यावरचं उचंत खातं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी यंदा तुम्हीही काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी जरा संकोचलो. मी काही अभ्यासक नव्हे. बी.कॉम. झालो, १९८३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो, पुढं कॅश सांभाळली आणि २०२० साली निवृत्त झालो. वर्षातून एकदा पारायण, जमेल त्या पौर्णिमेला वाडीची वारी, एवढीच माझी शिदोरी. पण सदतीस वर्षांत एक गोष्ट मी भरपूर केली. ती म्हणजे मोटरसायकलवरून ये-जा. घर मिरजेत आणि शाखा मिरज-पंढरपूर रस्त्याच्या कडेच्या गावांत, आज या तर उद्या त्या. या रस्त्यानं मला एक प्रश्न घातला, आणि तो अजून सुटलेला नाही. तोच आज वाचकांपुढं ठेवतो.

प्रश्न असा की, रस्त्यात अडलेल्या अनोळखी माणसाला आपण मदत करतो ती दया म्हणायची, की तो आपल्यासारखाच आहे म्हणून वाटलेली आपुलकी? आणि नुसती आपुलकी असेल तर तिचं पुण्य किती धरायचं?

सुरुवात १९८८ च्या पावसाळ्यापासून करतो. तेव्हा माझ्याकडे जुनी राजदूत होती. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालायचं. ऑईल जरा जास्त झालं की प्लगवर काजळी धरायची आणि गाडी फटफट करून बंद पडायची. एका संध्याकाळी शाखा बंद करून निघालो, भुरभुर पाऊस लागला होता, आणि कवठेमहांकाळच्या अलीकडं गाडीनं मान टाकली. दोन एस.टी. गेल्या, ट्रक गेले. मी किका मारून मारून घामाघूम. तेवढ्यात एम-एटीवरून एक दूधवाला आला. दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. न बोलावता थांबला.

"काय पावणं, प्लग का?"

त्यानं स्वतःच्या डिकीतला प्लगपाना काढला, प्लग खोलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, काडेपेटीच्या कडेवर घासला, परत बसवला. गाडी काही बोलेना. मग म्हणाला, "बसा गाडीवर. न्यूट्रल करा." आणि स्वतःची एम-एटी सुरू करून त्यानं डावा पाय माझ्या मागच्या फूटरेस्टला लावला. लहान पोरानं बापाला ढकलत न्यावं तशी ती एम-एटी माझ्या राजदूतला पाच-सहा किलोमीटर ढकलत घेऊन गेली, गॅरेजच्या दारापर्यंत. मी खिशातून दहाची नोट काढली. त्याला रागच आला. म्हणाला, "सायेब, मी काय रिक्षा लावलीया व्हय?" आणि निघून गेला.

घरी पोचल्यावर मला सुचलं, की संध्याकाळचं दूध संकलन वेळेत बंद होतं. उशीर झाला तर दूध परत न्यावं लागतं, पावसाळी हवेत नासतंही. त्याचं दूध त्या दिवशी घेतलं की नाही, मला माहीत नाही. त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हेही सुचलं नाही.

बँकेत एक खातं असतं, त्याला आपल्या जुन्या मराठीत उचंत खातं म्हणतात. आम्ही सस्पेन्स म्हणायचो. रक्कम तर आली-गेली आहे, पण ती नेमकी कुणाच्या नावावर टाकायची ते कळत नाही, तेव्हा ती तात्पुरती तिथं ठेवायची. ऑडिटर आला की आधी हेच खातं उघडायचा, आणि "किती दिवसांची नोंद आहे?" हाच त्याचा पहिला प्रश्न. संध्याकाळी दहा पैशांचा फरक आला तरी आम्ही दिवे लावून बसायचो, तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही. अशा माणसाला ते सहा किलोमीटर कुणाच्या नावे टाकायचे हे कळेना. ती माझ्या आयुष्यातली पहिली उचंत नोंद.

त्यानंतर मी रस्त्याकडं नीट पाहायला लागलो. दोन चाकांवरची माणसं एकमेकांची किती काळजी घेतात हे चालवणाऱ्यालाच कळतं. साइड स्टँड वर करायचा राहिला की मागून ओरडा येतो, "ओ काका, स्टँड!" मागं बसलेल्या बाईचा पदर चाकाकडं चालला की चार गाड्यांवरची माणसं एकदम हात करतात. पेट्रोल संपलं की आपली टाकी तिरकी करून बाटलीभर काढून देणारा भेटतो. क्लचची वायर तुटली तर दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ढकलून सुरू कशी करायची, हे मला एका शाळकरी दिसणाऱ्या पोरानं शिकवलं. सिग्नलला थांबलेले दोघं अनोळखी असूनही "ॲव्हरेज किती देती?" म्हणून बोलायला लागतात. चारचाकीत काच वर असते. दुचाकीवर माणूस उघडा असतो, त्यामुळं बोलणं सोपं जातं.

एक गंमत सांगतो. पूर्वी दिवसा हेडलाइट चालू राहिला तर समोरून येणारा हाताची बोटं उघडझाप करून खूण करायचा, कारण बॅटरी उतरायची. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, तो बंद करता येत नाही, सुरक्षिततेसाठी तसा नियमच झाला. तरीही कितीतरी दिवस लोक मला बोटांनी खूण करत राहिले. सूचना चुकीची, पण भावना खरी. मी दरवेळी मान डोलावून आभार मानत राहिलो. समजावत कशाला बसायचं?

पण सगळ्याच खुणा इतक्या निरुपद्रवी नसतात. "पुढं मामा उभे आहेत," ही खूणही आपण एकमेकांना करतो. डोक्यावर थाप मारायची, म्हणजे समोरच्यानं कळून घ्यायचं की हेल्मेट तपासणी चालू आहे, गाडी वळवा. मीही आयुष्यभर केली. मला ती बंधुभावाची खूण वाटायची. एक दिवस मनात आलं, मी याचा दंड वाचवला, पण डोकं वाचवलं का? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची होती. बँकेत एखादा कर्जदार ओळखीचा म्हणून त्याची थकबाकी लपवली तर त्याचं भलं होत नाही, बुडणंच जरा लांबतं. तशीच ही खूण. आता मीही डोक्यावर थाप मारतो, पण पोलीस असोत-नसोत, आणि तिचा अर्थ एवढाच असतो की बाबा, हेल्मेट घाल. काही हसतात, काही शिव्याही देतात. असो.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. ही आपुलकी येते कुठून? माझ्या मते एकाच ठिकाणाहून. पडलो तर आधी आपलं अंगच रस्त्याला लागणार, हे दोघांनाही माहीत असतं. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. रेनकोट आणि हेल्मेट घातलेला माणूस कुठल्या गावचा, कुठल्या आळीचा, कुठल्या हुद्द्याचा हे दिसत नाही. दिसतो तो फक्त गाडीवर बसलेला एक जीव. म्हणून दुसऱ्याची बंद पडलेली गाडी पाहिली की आपलीच बंद पडल्यासारखं वाटतं. दोन चाकांचं हे एक गोतच आहे. मला या गोताचा अभिमान होता. होता म्हणतो, कारण पुढची गोष्ट.

१९९४ चा हिवाळा. तोवर राजदूत जाऊन स्टाफ लोनवर सीडी हंड्रेड आली होती. माझ्याकडं तेव्हा कॅशच्या तिजोरीची एक किल्ली असायची. तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, एक मॅनेजरांकडं आणि एक माझ्याकडं. दोघं हजर नसतील तर कॅश निघत नाही. त्या दिवशी बाजाराचा वार होता, शाखेसमोर गर्दी असणार होती, आणि मी घरून निघायलाच उशीर केला होता. सकाळचं धुकं होतं. एका वळणाच्या पुढं रस्त्याच्या कडेला सायकल आडवी पडलेली दिसली. कडब्याचा भारा सुटून पसरलेला. शेजारी एक म्हातारा माणूस अर्धवट बसलेला. मी जवळ आलो तसा त्यानं हात वर केला.

मीही हात वर केला, आणि पुढं गेलो.

वाचकहो, हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली. आमच्या हिला सुद्धा मी हे कधी सांगितलं नव्हतं. समोरून येणाऱ्या ओळखीच्या गाडीवाल्याला आपण जसा हात करतो, तसा मी हात केला. त्यानं नमस्कार केला, मी नमस्कार केला, असं त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं. नंतर आणखी सांगितलं. पिऊन पडला असेल. मागून कुणीतरी येईलच. थांबलो तर पोलीस पंचनाम्यात अडकवतील, मीच धडक दिली म्हणतील. तिजोरी उघडली नाही तर शंभर माणसं खोळंबतील. प्रत्येक कारण खोटं होतं असं नाही. पण खरं कारण आणखी एक होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिथं सायकलऐवजी मोटरसायकल आडवी पडलेली असती तर माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला असता. सायकलवाला माझ्या गोतातला नव्हता.

संध्याकाळी परतताना त्या जागी फक्त कडब्याची काही पेंढी होती. पुढच्या चहाच्या टपरीवर मी सहज विचारल्यासारखं विचारलं. टपरीवाला म्हणाला, "लुनावाला एक आला बघा. गाडी रस्त्यात आडवी लावून टेम्पो थांबवला त्यानं, आन् म्हाताऱ्याला घालून न्हेला." पाय मोडला होता म्हणे. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. मला ते शोधता आलं असतं. लहान मुलूख, बँकेत रोज पंचक्रोशीतली माणसं यायची, कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही. पहिली चूक घाईची म्हणता येईल. ही दुसरी चूक लाजेची होती आणि तिला काही सबब नाही.

लुनावाला आणि मी, दोघंही दोन चाकांवर. त्याच्याकडं ताकद माझ्या गाडीच्या निम्मीसुद्धा नव्हती. म्हातारा त्याच्या गोतातला होता का? तेवढाच, जेवढा माझ्या.

अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये एक बाण करणारा कारागीर आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला सांगितलेली ही गोष्ट आपल्या वाचकांना माहीतच आहे. बाण घडवताना तो इतका तल्लीन असतो, की जवळून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. एकाग्रता म्हणून आपण ती गोष्ट सांगतो, आणि योग्यच सांगतो. पण मी जेव्हा जेव्हा ती वाचतो, तेव्हा माझी किल्ली आठवते. मीही त्या सकाळी एकाग्र होतो, दहाच्या ठोक्यावर. फरक एवढाच की कारागिराच्या जवळून राजा गेला आणि त्याला दिसला नाही. माझ्या जवळ एक पडलेला माणूस होता आणि तो मला दिसला होता. दिसलेलं न दिसल्यासारखं करणं ही एकाग्रता नव्हे.

म्हणून माझ्यापुरतं मी उत्तर असं काढलं आहे. आपल्यासारख्याबद्दल वाटणारी आपुलकी खोटी नसते, तिला कमी लेखू नये. माणूस आधी आपल्यासारख्याचंच दुःख ओळखायला शिकतो. पण ती पहिली इयत्ता आहे. तिथंच थांबलो तर ते फक्त मंडळ होतं, सभासदांपुरतं. पुढच्या इयत्तेत सायकलवाला येतो, पायी चालणारा येतो, काच वर केलेला मोटारवालासुद्धा येतो. माझी बढती तिथं अडली होती.

भीतीचं कारण मात्र आता पुष्कळसं उरलेलं नाही, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावं. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं अपघातात मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, ११२ ला पोलीस. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला सरकार आता २५ हजार रुपयांचं बक्षीसही देतं. चांगलं आहे. माझा दूधवाला मात्र तेव्हाही म्हणाला असता, रिक्षा लावलीया व्हय?

सावधगिरीही हवी. निर्जन रस्त्यावर फसवणारेही भेटतात. उतरायची भीती वाटली तर थोडं पुढं उजेडात थांबून फोन करावा, दुसरी गाडी आली की तिच्यासोबत मागं यावं. पण काही न करता पुढं जाण्याला सावधगिरी म्हणू नये. तो शब्द मी फार वापरला आहे.

शेवटी गेल्या दत्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळचं सांगतो. मी ॲक्टिव्हावरून वाडीला निघालो होतो. जयसिंगपूर ते शिरोळ रस्त्यावर सात-आठ पोरांचा घोळका मोठ्या गाड्या घेऊन माझ्या शेजारून सुसाट गेला. सायलेन्सरचा आवाज असा की मी मनात त्यांना यथेच्छ बोललो. पुढं तीन किलोमीटरवर बघतो तर तीच पोरं रस्त्यात उभी. ऊसतोड्यांची बैलगाडी उसासकट कलंडली होती. गाडीला मागं चमकणारी पट्टी नव्हती, अंधार पडत होता, आणि एक बैल जोखडात अडकून धडपडत होता. पोरांनी दोन गाड्या अलीकडं आणि दोन पलीकडं इंडिकेटर लावून उभ्या केल्या होत्या. एक जण मोबाइलची बॅटरी हलवत वाहनं हळू करत होता. बाकीचे ती हजार-हजारांची जाकिटं घालून ऊस उपसत होते. गाडीवाल्याची बायको कडेला पोराला धरून बसली होती, तिला एकानं पाण्याची बाटली दिली होती.

त्यातल्या एकानं मला पाहिलं. "आजोबा, तुम्ही ऊस उचलू नका. ही बॅटरी धरा फक्त."

मी बॅटरी धरून अर्धा-पाऊण तास उभा राहिलो. बैल सुटला, फारसं लागलं नव्हतं. गाडी सरळ झाली. पोरांनी हात धुतले, एकानं माझी ॲक्टिव्हा वळवून दिली. त्यांची नावं मी या वेळी विचारली. त्यांनी सांगितली आणि हसत निघून गेले. त्यांच्या सायलेन्सरबद्दलचं माझं मत तेच आहे, पण बाकीचं सगळं मागं घेतलं. जे शिकायला मला इतकी वर्षं लागली, ते या पोरांना विशीतच येत होतं. बैलगाडीवाला आपला की परका, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

त्या रात्री वाडीला पोचायला उशीर झाला. पालखी निघून गेली होती. कट्ट्यावर बसून कृष्णेचं पाणी बघत राहिलो आणि मनात हिशेब मांडला. दूधवाल्याचं देणं मी पुढं चार लोकांना देऊन फेडलं असेन कदाचित. त्या म्हाताऱ्याची नोंद मात्र अर्धा तास बॅटरी धरून मिटत नाही. ती त्याच्याच नावाची आहे आणि नाव मला माहीत नाही. ऑडिटर विचारेल, किती दिवसांची नोंद? तेव्हा सांगावं लागेल, तीस वर्षांची.

आता माझ्या डिकीत प्लगपाना, दोरी, पट्टी, आयोडिनची बाटली असते. आणि रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केलेला दिसला, तर मी हात वर करत नाही. आधी गाडी थांबवतो.

श्री गुरुदेव दत्त.